अण्णांबद्दल काय लिहू?

प्रश्न :

नमस्कार ताई,

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गेल्या कार्तिकात गेले. एसटीत वाहक म्हणून लागले आणि खात्यातल्या परीक्षा देत देत आगार व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. चिपळूण, जत, आटपाडी, कराड अशा बदल्या झाल्या, शेवटी मिरजेत घर बांधलं. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. त्या दिवशी एक स्मरणिका काढायची असं दादाने ठरवलंय. छपाईवाल्याकडून त्याने नमुनाही आणला : गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर अण्णांचा फोटो, खाली ‘कर्तव्यदक्ष अधिकारी, प्रेमळ पती, आदर्श पिता’. मुख्य लेख मी लिहायचा आहे. कितीदा तरी बसले. जे लिहिते ते त्या नमुन्यासारखंच होतं. कुणाच्याही वडिलांना चालेल असं.

आई म्हणते, “नोकरीचं काही लिहू नका. त्या नोकरीने माणूस कधी घरात राहू दिला नाही.” दादाचं म्हणणं उलट. अण्णांनी जे कमावलं ते त्या खुर्चीवर बसून, मग तीच कशी वगळायची? मला दोघांचंही पटतं. लहानपणी लक्ष्मीपूजनाला अण्णा वेळेवर घरी आल्याचं मला आठवत नाही. आणि निवृत्तीनंतरची बारा वर्षं ते पूर्ण घरचे झाले होते. नातीची वेणी घालायचे, भडंग करायचे, आईबरोबर भाजीला जायचे. तरी सकाळी गॅलरीत उभे असले आणि हॉर्न ऐकू आला की मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, “साडेसातची पंढरपूर गेली. आज लेट आहे.”

अजून एक. तेराव्याला एक गृहस्थ आले होते. मागे उभे राहिले, जेवले नाहीत. जाताना मला म्हणाले, “मी वाहक होतो. साहेबांच्या रिपोर्टवर माझी नोकरी गेली. तरी मला त्यांच्याबद्दल थोडं सांगायचंय. वेळ असला तर फोन करा.” चिठ्ठीवर नंबर दिला. मी अजून फोन केलेला नाही. दादा म्हणतो, करूच नकोस. काय करू?

– एक वाचक, पुणे

उत्तर :

नमस्कार.

लिहायला जमत नाही म्हणता, पण तुमच्याच पत्रात एक ओळ अशी आहे की ती दुसऱ्या कुणाच्या वडिलांच्या स्मरणिकेत छापता येणार नाही. ‘साडेसातची पंढरपूर गेली.’ लेख तिथून सुरू करा. निवृत्त होऊन वर्षं लोटली, आता कुठल्याही गाडीचा जाब त्यांना कुणी विचारणार नाही, आणि तरी रस्त्यावरून जाणारी गाडी त्यांना तिच्या वेळेसकट ऐकू येते. एवढं वाचल्यावर ‘कर्तव्यदक्ष’ असं वेगळं लिहायला नको.

‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’, ‘आदर्श’ हे शब्द आपण दुःखाच्या घरी गेल्यावर वापरतो. तिथे ते योग्यच असतात. दारात उभ्या माणसाला काय बोलावं सुचत नाही, समोरच्याला काय ऐकावं सुचत नाही, तेव्हा हे तयार शब्द दोघांनाही सांभाळून घेतात. तुमच्याकडे तेराव्याला जे कुणी असं बोलले ते मनापासूनच बोलले असतील. छापलेल्या पानाचं काम मात्र वेगळं आहे. ज्या नातीची वेणी अण्णा घालायचे ती मोठी झाल्यावर हे पान उघडून बघेल. ‘आदर्श पिता’ वाचून तिला आजोबा दिसणार नाहीत. कंगवा कुठे ठेवायचे, वेणी घट्ट व्हायची की सैल, शाळेच्या रिक्षाचा आवाज आला की कशी धांदल उडायची, हे वाचून दिसतील.

तुमच्या सांगली-कोल्हापूर-साताऱ्याच्या बाजूला जुन्या देवळांपाशी वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, असतात, ते एकदा निरखून बघा. खालच्या चौकटीत लढाई, कुठे गुरं पळवणाऱ्यांशी झालेली झटापट. त्यावरच्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक दगडांवर नावसुद्धा नसतं. तरी हा माणूस गावच्या गुरांसाठी उभा राहिला आणि त्यात गेला, हे शेकडो वर्षांनी तिथून जाणाऱ्यालाही कळतं. पाथरवटाने तो शूर होता असं कुठे लिहिलेलं नाही, त्याने काय केलं तेवढं कोरलंय. याउलट तुमच्याकडे बैल घेऊन हेळवी येतात, ते पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आणि मूळ गावं घडाघडा सांगतात. फार मोलाचं काम आहे ते. पण त्या यादीतला खापरपणजोबा चिडायचा कशावर आणि हसायचा कशावर, हे आज कुणालाच ठाऊक नसतं. त्या काळी ते कुणी विचारून ठेवलं नाही म्हणून. अण्णांच्या बाबतीत विचारता येईल अशी माणसं अजून आहेत.

म्हणून लिहिणं काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी गोळा करा. तुम्ही अण्णांना घरातून पाहिलंत. आगारातल्या लोकांनी त्यांना आगारातून पाहिलं. एकाच माणसाचा अर्धा भाग तुमच्याकडे आहे आणि अर्धा त्यांच्याकडे, आणि दोघांनाही दुसऱ्या अर्ध्याची फारशी माहिती नाही. आई एक अर्धा मागताहेत, दादा दुसरा. स्मरणिकेत हे दोन्ही एकत्र आले तरच ती अण्णांची होईल.

सुरुवात आईंपासून करा. त्यांचं ते वाक्य, “त्या नोकरीने माणूस कधी घरात राहू दिला नाही,” मला तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत वजनदार वाटलं. आगार व्यवस्थापकाची नोकरी काय असते हे बाहेरच्यांना कळत नाही, त्याच्या बायकोला बरोबर कळतं. रात्री वस्तीच्या गाड्या आपापल्या गावी पोचल्या का, वाहकांचा भरणा झाला का, पहाटेच्या पहिल्या गाडीला चालक हजर आहे का, नसला तर कुणाच्या दारावर माणूस पाठवायचा. घाटात गाडी बंद पडली की घरचा फोन वाजणार. कॉलेज सुटायच्या वेळची गाडी रद्द झाली की पोरं केबिनसमोर ठिय्या देणार. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीला कोकणच्या, आणि दिवाळीत तर अख्खं राज्य एकाच आठवड्यात गावाला निघालेलं. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून लोकांना सणाला घरी पोचवणाऱ्या या माणसांचे स्वतःचे सण उशिराच झाले. तुमच्या घरचं लक्ष्मीपूजन त्यातलंच.

‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे एसटीचं ब्रीद अण्णांनी तिकडे पाळलं, तेव्हा इकडे घर एकट्या आईंनी चालवलं. बदलीचा आदेश अण्णांच्या नावाने यायचा, बदली मात्र सगळ्या घराची व्हायची. मध्येच शाळेत नाव घालायचं, घरमालक शोधायचा, रेशनकार्ड आणि गॅस नव्या गावी न्यायचा, दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळी ओळख नव्याने करायची. चिपळूणच्या पावसात तुमचे गणवेश कसे वाळवले, आणि जतला उन्हाळ्यात पाणी कुठून भरलं? हे तुम्ही आईंना कधी विचारलंय का? हेही अण्णांचंच चरित्र आहे. दादांना जी खुर्ची मिरवायची आहे तिचे दोन पाय आईंनी धरून ठेवले होते.

त्यांच्याशी बोलायची एक पद्धत सांगते. समोर बसून, फोन पुढे धरून “आई, अण्णांच्या आठवणी सांग” म्हणाल तर त्या तेराव्याला बोलल्या तेच पुन्हा बोलतील, नाहीतर रडतील. त्याऐवजी दुपारच्या चहानंतर त्यांच्याबरोबर मेथी निवडायला बसा. फोन बाजूला ठेवून रेकॉर्डिंग चालू करा, पण ते चालू आहे हे त्यांना आधी सांगा. प्रश्न अगदी बारीक विचारा. पहाटे किती वाजता निघायचे? डबा कोण भरायचं, कोरडी भाजी की आमटी? पगार हातात कसा द्यायचे? भांडण झालं की आधी कोण बोलायचं? एकदा एखादी घरातली वस्तू आठवली की तिच्यामागून सगळं येतं. त्या साल चुकल्या, गाव चुकल्या तरी मध्ये दुरुस्त करू नका, ते नंतर कागदांवरून बघता येईल. आणि त्या गप्प बसल्या तर तुम्हीही गप्प बसा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका.

त्यांना राग आहे, तोही येऊ द्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या नोकरीवर राग असणं म्हणजे नवऱ्यावर प्रेम नसणं नव्हे, हे वाचणाऱ्याला कळतं. माझं म्हणणं असं की आईंचं एक पान त्यांच्याच शब्दांत असावं आणि ते त्याच वाक्याने सुरू व्हावं. अर्थात त्या हो म्हणाल्या तर. तुम्ही बोलणं उतरवून काढा, त्यांना वाचून दाखवा, त्या जे खोडा म्हणतील ते खोडा. सूनबाई, जाऊबाई, भाऊजी काय म्हणतील या विचाराने त्या एखादी गोष्ट काढायला लावतील, तेव्हा वाद घालू नका. काढलेलं तुमच्याकडे रेकॉर्डिंगमध्ये राहीलच.

मग आगार. अण्णांच्या बरोबरीचे लोक आता सत्तरीच्या पुढे असतील, म्हणून इथे दिरंगाई नको. फोनवर चौकशी करण्यापेक्षा एक दिवस काढून स्टँडवर जा. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन सांगा, मी अमक्या साहेबांची मुलगी, त्यांच्या वेळचं कोण कुठे राहतं? जुन्या एसटीवाल्यांना एकमेकांचे पत्ते माहीत असतात, आणि मुलगी आलीय म्हटल्यावर कुणीतरी बरोबर चालत येतं. फक्त अधिकाऱ्यांकडे जाऊ नका. अधिकारी तुम्हाला अण्णांची बढती सांगतील. कार्यशाळेतला मेकॅनिक सांगेल की सुटा भाग नसताना साहेब काय करायचे. चालक सांगेल की मुक्कामाला गेलेल्या माणसाच्या घरी आजारपण असलं तर ड्युटी कशी बदलून मिळायची, की मिळायची नाही. स्टँडवरचा कँटीनवाला, हमाल, पेपरचे गठ्ठे गाडीत टाकणारा एजंट, कॉलेजच्या पोरांचे डबे गाडीबरोबर पाठवणाऱ्या खेड्यातल्या बाया, या प्रत्येकाने वेगळे अण्णा पाहिलेत. त्यांनाही “साहेब कसे होते?” असं विचारू नका, कारण उत्तर “देवमाणूस” असंच येईल. “साहेब चिडले की काय करायचे?” असं विचारा. “तुमची त्यांच्याशी पहिली गाठ कशी पडली?” असं विचारा. एशियाड ही निमआराम गाडी नवीन आली तेव्हा, संपाच्या दिवसांत, पुराच्या पाण्यात रस्ते बंद झाले तेव्हा ते कुठे उभे होते, असं विचारा.

आता त्या वाहकांचं.

माझं मत स्पष्ट आहे : फोन करा.

दादांना का नको वाटतं ते मला समजतं. वडील जाऊन वर्षही झालेलं नाही, आणि कुणी परका येऊन त्यांच्या नावाला डाग लावून गेला तर, ही भीती खरी आहे. पण त्या माणसाने केलं काय ते बघा. नोकरी गेलेला माणूस, ज्यांच्या रिपोर्टवर गेली त्यांच्या तेराव्याला आला. बोभाटा केला नाही. मागे उभा राहिला, अन्न घेतलं नाही, आणि “तरी मला सांगायचंय” म्हणून नंबर देऊन गेला. भांडायचं असतं तर अण्णा हयात असताना यायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्यांच्याकडे जे आहे ते आईंकडे नाही, दादांकडे नाही, आगारातल्या कुणाकडेही नसेल.

वाहकाची नोकरी थोडी समजून घेऊन जा. ती सगळी पैशांची नोकरी आहे. आता तिकिटाचं मशीन असतं, त्या काळी तिकिटांचा ट्रे, पंच, चामडी बॅग आणि वे-बिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांचा हिशेब लिहायचा कागद. रात्री हिशेबात रक्कम कमी आली तर पदरची भरायची. वाटेत तपासणी पथक गाडीत चढलं आणि पैसे घेऊन एखाद्या प्रवाशाला तिकीट दिलेलं नाही असं निघालं, की रिपोर्ट आणि चौकशी. कधी त्यात लबाडी असते. कधी बाजाराच्या दिवशी गच्च भरलेल्या गाडीत पुढचा थांबा यायच्या आत मागचं एक गिऱ्हाईक राहून गेलेलं असतं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. अण्णा स्वतः वाहक होते. असल्या गाडीत त्यांनी उभ्याने तिकिटं फाडली होती, म्हणजे या दोन्ही शक्यता त्यांना केबिनमधल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होत्या. आणि रिपोर्टवर सही त्यांची होती. ती सही केल्याच्या रात्री ते घरी आले तेव्हा जेवले का, काही बोलले का, हे आईंना हळूच विचारून बघा. कदाचित त्यांना आठवेल.

फोनवर एवढंच म्हणा की मी साहेबांची मुलगी, फोन करायला उशीर झाला, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा भेटायला येते. ते म्हणतील तिथे जा, त्यांच्या घरी किंवा स्टँडवर. पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नको, वही नको. दादा आले तर उत्तम, पण त्यांना ओढून नेऊ नका. तिथे गेल्यावर “अण्णांनी नियमाप्रमाणेच केलं असेल” असं म्हणू नका, आणि अण्णांच्या वतीने माफीही मागू नका. दोन्ही तुमच्या हातात नाही. तुम्ही त्या चौकशीत नव्हता, कागद पाहिलेले नाहीत, आणि नोकरी गेलेल्या माणसाला मुलीच्या तोंडची माफी ऐकून काय करायचं ते कळत नाही. ऐका. त्यांच्या बायकोने त्यानंतर काय केलं, मुलांच्या शाळेचं काय झालं, हे ते सांगू लागले तर तेही ऐका. अण्णांच्या सहीचा परिणाम एका घरावर झाला, आणि अधिकारी राहिलेल्या माणसाच्या आयुष्यात अशी घरं असतातच. बोलणं रागावर गेलं तर चहा संपवून शांतपणे उठा. त्यात तुमचा पराभव नाही.

ते जे सांगतील त्याने अण्णा मोठे होतील की लहान, हे मला सांगता येणार नाही. कदाचित ते म्हणतील की साहेबांनी नंतर कुठेतरी काम लावून दिलं. कदाचित म्हणतील की साहेबांनी माझं ऐकूनच घेतलं नाही. दुसरं निघालं तर तुम्हाला रात्री झोप लागणार नाही. तरी गॅलरीत उभे राहणारे अण्णा, वेणी घालणारे अण्णा खोटे ठरणार नाहीत. आयुष्यभर इतक्या माणसांच्या ड्युट्या, रजा, शिक्षा ज्यांच्या सहीने ठरल्या, त्यांच्या हातून एकही चूक झाली नसेल असं आपण धरून चालतो, तेव्हाच ते आपल्यापासून लांब जातात.

छापायचं की नाही, हे त्या वाहकांनी ठरवायचं. दुसऱ्या भेटीत विचारा. हो म्हणाले तरी त्यांचं नाव, आगार, साल घालू नका. गावात दोन ओळींवरून माणूस ओळखला जातो आणि त्यांच्या मुलांची लग्नंकार्यं तिथेच व्हायची असतात. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. नाही म्हणाले तर ते तुमच्याकडे ठेवा. दादांना भेटीनंतर सगळं सांगा, आधी परवानगी मागत बसू नका.

कागदांबद्दल थोडक्यात. वर्षश्राद्धाच्या आधी घर आवरायची टूम निघते, तेव्हा अण्णांची ट्रंक कुणाला हात लावू देऊ नका. बदलीचे आदेश, परीक्षांचे निकाल, गणवेशाचा बिल्ला, निरोप समारंभाची पत्रिका, डायऱ्या, सगळं एका जागी आणा. बदलीच्या आदेशांवरून तुमच्या घराचा कालक्रम तयार होईल, तो आईंच्या बोलण्याशी ताडून बघा. पेन्शनचे आणि बँकेचे कागद मात्र वेगळ्या पाकिटात, आईंच्या हाताशी. फोटो लॅमिनेट करू नका, फाटक्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांनी पिवळी पडून कागदच खाते. फोटोत कोण आहे ते मागे मऊ पेन्सिलीने लिहा, तेही आईंना विचारून आणि आत्ताच. अण्णांनी नंतरच्या प्रवासातली मशीनची तिकिटं जपून ठेवली असली तर त्यांचे आजच फोटो काढा, त्या कागदावरची अक्षरं उडून जातात. जुनी छापील तिकिटं टिकतील.

दादांचा नमुना सरळ फेटाळू नका. गुळगुळीत कागद, मोठा फोटो, पदनाम ठळक अक्षरांत, ही त्यांची दुःख करण्याची रीत आहे. वाहकाचा मुलगा आपल्या बापाला साहेब झालेलं बघत मोठा झाला. त्याला ते लोकांना दाखवावंसं वाटणारच. त्यांना एक काम द्या जे तेच उत्तम करतील : वाहक ते आगार व्यवस्थापक हा सगळा प्रवास, सालवार, आदेशांवरून, कुठे कोणती परीक्षा दिली, तेव्हा घरात कोण किती वर्षांचं होतं, अभ्यास रात्री कुठे बसून केला. ड्युटी करून, मुलं झोपल्यावर परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं ते पान खुर्चीचा मान आपोआप राखेल. पहिल्या पानावरची ती तीन विशेषणं मात्र काढायला लावा. फोटोखाली नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि ‘निवृत्त आगार व्यवस्थापक’ एवढं पुरे. सोळा-वीस पानं भरपूर झाली. अक्षर मोठं ठेवा, वाचणारे बहुतेक अण्णांच्या वयाचे आहेत. आणि कागद चकाकणारा नको, म्हाताऱ्या डोळ्यांना त्याच्यावरचं वाचता येत नाही. दादांना हे कारण पटेल.

निवृत्तीनंतरची बारा वर्षं शेवटच्या परिच्छेदात कोंबू नका. स्मरणिकांमध्ये हे हमखास होतं : नोकरीला चार पानं, आणि मग ‘निवृत्तीनंतर त्यांनी कुटुंबाला वेळ दिला’ अशी एक ओळ. तुमच्या अण्णांनी ती वर्षं फार मेहनतीने जगली असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. ज्यांनी मुलीची वेणी कधी घातली नाही त्यांनी साठीला येऊन नातीची घालायला शिकून घेतली. कुणी शिकवली? पहिली वेणी कशी झाली असेल? आईंबरोबर भाजीला जाताना पिशवी कोण धरायचं, आणि ज्या बाईने सगळी वर्षं एकटीने बाजार केला तिला हे सोबत येणं कसं वाटलं? त्यांच्या भडंगात लसूण ठेचून पडायचा की चिरून, शेंगदाणे आधी तळायचे का, हे कुणाला तरी माहीत असेल, ती कृती प्रमाणासकट छापा. नातीला तिचं पान स्वतः लिहू द्या. शुद्धलेखन तेवढं बघा, वाक्यं बदलू नका.

तुमचा स्वतःचा लेख सगळ्यात शेवटी लिहा, हे सगळं जमल्यावर. त्यात लक्ष्मीपूजनाची वाट बघणारी मुलगीही येऊ द्या. तुम्ही पत्रात ती गोष्ट एका वाक्यात उरकलीत आणि लगेच नातीच्या वेणीकडे वळलात. तिथे थोडं थांबा. ते उशिरा यायचे तेव्हा तुम्ही जाग्या असायचात का, आईंनी पूजा थांबवून ठेवलेली असायची का, अण्णा आल्यावर आधी काय करायचे? जे आठवेल ते जसंच्या तसं लिहा, त्यांची बाजू सावरायला जाऊ नका.

आणि हे सगळं वर्षश्राद्धाच्या तारखेला बसवायचा अट्टहास नको. त्या दिवशी विधी होईल, माणसं येतील, जेवतील. स्मरणिका काही महिन्यांनी, अण्णांच्या वाढदिवसाला किंवा एसटीच्या वर्धापनदिनी, १ जूनला काढा. आगारातल्या लोकांना तो दिवस लगेच लक्षात राहील. तेव्हा एक प्रत त्या वाहकांना टपालाने किंवा हातोहात पोचवा, त्यांनी आपला एक शब्दही छापू दिला नसला तरी.